न्हाय आलेले फोटो

"तुम्ही हलू नका. म्याच येतो जवळ."

असं म्हणून तो जागचा हलायचा नाही. उभा असायचा अंगणाच्या पार टोकाला, शेवग्याच्या नाहीतर लिंबाच्या झाडाला टेकून, आणि पुढं यायचं ते त्याच्या कॅमेऱ्याचं नाक. घुर्र असा बारीक आवाज करत भिंग बाहेर यायचं. बाजेवर बसलेली म्हातारी, हा आता चालत येईल म्हणून पदर सावरत त्याच्या पायांकडं बघत असायची. तेवढ्यात फोटो निघालेला असायचा.

लोहाऱ्यात बसस्टँडसमोरच्या ओळीत माझं फ्रेमचं दुकान आहे. काच, पट्टी, पुठ्ठा, खिळे, एवढाच पसारा. त्याचा स्टुडिओ माझ्या भिंतीला लागून. स्टुडिओ म्हणजे एक खोली, एक स्टूल, मागं निळा पडदा आणि पासपोर्ट फोटोसाठी खुंटीला टांगलेला काळा कोट. तालुक्यातल्या निम्म्या तरुणांनी नोकरीचे अर्ज त्या एकाच कोटात भरले. तो फोटो काढायचा आणि मी ते काचेत घालायचो. तो मला 'काचवाले' म्हणायचा, मी त्याला 'फोटोवाले'. त्याला जाऊन आता वर्ष होत आलं, पण भिंतीपलीकडून स्टूल सरकल्याचा आवाज आल्यासारखं मला अजून वाटतं.

तो कॅमेरा त्यानं मस्कतहून परत आलेल्या एका मिस्त्र्याकडून घेतला होता. दिसायला जडशीळ, काळा, आणि भिंग पुढं कायमचं बसवलेलं. बाकीचे फोटोग्राफर लग्नात पिशवीतून वेगवेगळी भिंगं काढून फिरवून बसवायचे आणि त्याच्याकडं बघून हसायचे. "ह्याचं भिंग निघत नाही? मग हा कॅमेरा कसला?"

"तुमचं नाक निघतंय का?" तो विचारायचा. "न्हाय ना? मग हाय त्याच नाकानं वास घेता न्हवं? तसंच ह्ये बी."

मला त्यानं एकदा तो कॅमेरा समजावून सांगितला होता. आत एक तिरका आरसा असतो. भिंगातून येणारं चित्र त्या आरशावर पडतं आणि तिथून डोळ्याला दिसतं. त्यामुळं डोळ्याला जे दिसतं तेच रोलवर उमटतं, त्यात तसूभर फरक नाही. आणि झूम अंगातच असल्यामुळं एका जागी उभं राहून आख्खा मांडवही घेता येतो आणि नवरीच्या नाकातली नथही. "पाय मोडायची गरज न्हाय," तो म्हणायचा. अंगानं तो भरपूर होता, त्यामुळं ही सोय त्याला फारच मानवली होती.

पण खरं कारण वेगळं होतं. कॅमेरा जवळ आला की माणूस कडक होतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. हसरा माणूस तोंड मिटतो, बोलकी बाई खांबासारखी उभी राहते. आमच्याकडच्या जुन्या फोटोंतली सगळी माणसं कोर्टात उभी केल्यासारखी दिसतात ती यामुळंच. हा लांब राहायचा, म्हणून त्याच्या फोटोंतली माणसं जशी घरात असायची तशीच दिसायची. एका लग्नात नवरीचा बाप, गावचा कडक माणूस, कधी कुणी डोळ्यात पाणी पाहिलं नसेल असा, पाठवणीच्या वेळी पाण्याच्या टँकरमागं जाऊन धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होता. मांडवात कुणालाच ते दिसलं नाही. ह्यानं ते टिपलं. अल्बम बघायला आलेला तो बाप त्या फोटोवर थांबला आणि म्हणाला, "ह्यो एक माझ्या लेकीला येगळा द्या."

लग्नाचे फोटो त्याचे एका फटक्यात यायचे, बारशाचे आणि शाळेच्या निरोप समारंभाचेही. बिघाड होता तो एकाच ठिकाणी. म्हाताऱ्या माणसांचे फोटो त्याच्याकडून कधी धड यायचेच नाहीत.

आपल्याकडं म्हाताऱ्या माणसाचा फोटो केव्हा काढतात, हे वेगळं सांगायला नको. म्हातारं खाटेला टेकलं की थोरला लेक हळूच विषय काढतो. "एक फोटो काढून ठिवावा म्हनतो." कशासाठी, ते कुणी बोलत नाही आणि कळतं मात्र सगळ्यांना. मग फोटोवाल्याला निरोप जातो. म्हातारीला न्हाऊ घालतात, डोक्याला तेल लावतात, लेकीनं दिवाळीला आणलेलं आणि ट्रंकेत जपून ठेवलेलं लुगडं नेसवतात आणि अंगणात आणून बसवतात. घरातली माणसं भोवती उभी राहतात. फोटो झाला की मोठा करून काचेत घालायचा आणि ती फ्रेम कापडात गुंडाळून कपाटावर ठेवायची. वेळ आली की खाली काढायची. माझा निम्मा धंदा त्यावर चालत आला, त्यामुळं मी नाक मुरडायचं कारण नाही.

तो जायचा, फोटो काढायचा, आणि पुढच्या बाजाराला लेक चौकशीला आला की मान हलवायचा. "न्हाय आला. झूम अडकला बगा. परत काढावा लागंल."

लेक चरफडायचा. "अवो, मग भिंग बदला की!"

"निघत न्हाय. अंगातच हाय त्ये."

पुन्हा न्हाणं, तेल, लुगडं, पुन्हा अंगणातलं ऊन, आणि पुन्हा "न्हाय आला." कधी हलला, कधी उजेड कमी पडला, कधी सोलापूरच्या लॅबवाल्यानं रोल बिघडवला. मी त्याला दहादा सांगितलं, हा कॅमेरा विकून टाक, नाव खराब होतंय. तो विड्याचं पान जुळवत "बगू" म्हणायचा.

माकणीची एक म्हातारी मला चांगली आठवते. त्याला गाडी चालवता येत नव्हती, म्हणून मी माझ्या स्कूटरवर त्याला न्यायचो. पहिल्या खेपेला म्हातारी बाजेवर बसली होती, पायाशी एक लाल कोंबडी दाणे टिपत होती आणि म्हातारी तिला हाकलत होती. फोटो 'न्हाय आला'. दुसऱ्या खेपेला गेलो तेव्हा घरच्यांनी आग्रह करून जेवायला बसवलं आणि ती लाल कोंबडी आमच्या ताटात आली. तो फोटोही 'न्हाय आला'. तिसऱ्या खेपेला म्हातारीच दारात वाट बघत बसलेली. "फोटोवाल्या, लई दिस लावलास रं. म्या कवाधरनं न्हाऊन बसलेय."

पुढं बऱ्याच महिन्यांनी ती वारली. लेक सकाळी सकाळी माझ्या दुकानात आला, तोंड उतरलेलं. आईचा एकही फोटो नाही म्हणून स्वतःलाच दोष देत होता. भिंतीपलीकडून हा उठून आला आणि त्याच्या हातात एक पाकीट दिलं. "शेवटी एक बरा आलता," म्हणाला.

फोटो बरा नव्हता, सुरेख होता. म्हातारी अर्धवट हसत, हात उचलून काहीतरी बोलत होती. लेक तो बघून तिथंच रडायला लागला. मी मात्र फोटोतच अडकलो होतो, कारण म्हातारीच्या पायाशी लाल कोंबडी होती.

लेक गेल्यावर मी भिंतीपलीकडं गेलो. "ही कोंबडी कुठून आली?"

"कोंची कोंबडी?"

"आपण खाल्ली ती. पहिल्याच खेपेचा फोटो आहे हा. आणि आरशात दिसतं तेच उमटतं असं तूच सांगायचास. मग न्हाय आला, न्हाय आला काय लावलंयस?"

तो आधी पोट हलवून हसला. मग स्टूल पुढं ओढून बसला आणि काळ्या कोटाची बाही उगाच झटकत राहिला.

"काचवाले, धंद्याच्या सुरवातीला म्या एका म्हाताऱ्याचा फोटो काढलता. लई नामी आलता. लगोलग मोठा करून दिला. त्येंनी कपाटावर बी न्हाय ठिवला, कौतुकानं भितीवरच लावला. पुढं त्येंच्याच नातीच्या लग्नाला गेलो. म्हातारं जित्तं हुतं. त्याच भितीखाली पोत्यावर पडलेलं, दाढी वाढलेली. पानी मागत हुतं. पाव्हणं फोटोला नमस्कार करून म्होरं जात हुते. घरी येऊन मायला सांगितलं, तर माय म्हनली, 'फोटो झाला की मानूस सपला म्हनत्यात बाबा. मंग डाक्टर येत न्हाय.'"

"म्हणून तू..."

"फोटो न्हाय आला म्हनलं की परत न्हाऊ घालत्यात. सून का करवादंना, पर इच्यारती तरी, आत्याबाई, आज कोंचं लुगडं नेसता. तेवढंच. बाकी आपल्या हातात काय हाय?"

इतकी वर्षं मी त्याला त्या कॅमेऱ्यावरून बोल लावत होतो आणि कॅमेरा बिचारा ठणठणीत होता. मला त्या दिवशी त्याचं इतकं कौतुक वाटलं की ते लपवायला मी त्याच्यासाठी चहा सांगितला आणि वर, कोंबडीचा पुरावा तरी नीट लपवायचा, असं सुनावलं.

मग रोल न लागणारे, पाठीवरच फोटो दाखवणारे कॅमेरे आले. बटण दाबलं की फोटो लगेच दिसायचा आणि आख्खं घर त्या चौकोनावर वाकायचं. "आला, आला! झ्याक आला!" बसस्टँडच्या पलीकडं नवा स्टुडिओ निघाला. म्हाताऱ्यांचे फोटो तिकडं जायला लागले, कारण ते काम एका खेपेत व्हायचं. ह्यानंही लग्नांसाठी तसला एक कॅमेरा घेतला, पण म्हाताऱ्या माणसाकडं जाताना पिशवीत जुनाच असायचा. लोक म्हणायचे, "फोटोवाले, मागं दाखवा की कसा आलाय."

"ह्येला मागं डोळे न्हाईत," तो म्हणायचा.

लोकांना गंमत वाटायची, पण पुढच्या वेळी ते त्याला बोलवायचे नाहीत. त्याच्या हातात काही राहिलं नाही असं लोकांनी ठरवून टाकलं, आणि त्यानंही कधी कुणाला खरं सांगितलं नाही. ते मला त्याच्यापेक्षा जास्त लागायचं.

आता त्याच्या आईबद्दल. माय, म्हणजे त्याची आई, हिचा एकही फोटो घरात नव्हता. फोटोवाल्याच्या घरी! तिनं काढूच दिला नाही. तिला दिसायचं कमी, पण कान असे तिखट, की झूमची घुर्र ऐकू आली की पदर तोंडावर. त्यानं ओसरीतून प्रयत्न केला, गोठ्याआडून केला, गच्चीवरून केला. माय पदराआडून ओरडायची, "आलं बग ह्येचं मांजर गुरगुरत!" आम्ही हसून बेजार व्हायचो. ती चेष्टा नव्हती हे मला कोंबडीच्या दिवसानंतरच समजलं. तिला भिंतीवर जायचं नव्हतं.

मग एका थंडीत ती अंथरुणाला खिळली. मी भेटायला गेलो तेव्हा तो पायाशी बसून तिच्या टाचांना खोबरेल चोळत होता. माय माझ्याकडं न बघताच त्याला म्हणाली, "काढ बाबा आता फोटो. लई झालं तुमच्या जिवाला."

त्याचा हात थांबला. ती आता त्याला मोकळं करते आहे, हे आम्हा दोघांनाही कळलं. मी काहीतरी कारण काढून बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम गेलो. त्याच्या बायकोनं पाणी तापवलं होतं, मायला न्हाऊ घालून तिचे केस उन्हात मोकळे सोडले होते. त्यानं मायला उचलून अंगणात आणलं, खुर्चीत बसवलं, अंगावर शाल टाकली. मग लांब जाऊन भिंतीला टेकला. घुर्र झाली. मायनं पहिल्यांदाच पदर घेतला नाही. सरळ समोर बघत बसली. खटका वाजला.

तो जवळ येऊन वाकला. "न्हाय आला, माय. झूम अडकला."

मायचं बोळकं हललं. "लबाडा. तुला म्याच शिकिवलं ह्ये."

"उद्या परत काडू."

"काड मंग."

तो सबंध हिवाळा हे चाललं. रोज न्हाणं, रोज ऊन, रोज खटका. रोल मिळेनासे होऊन तोवर बरीच वर्षं झाली होती आणि कॅमेरा रिकामा होता. हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि मायलाही होतं असं मला वाटतं. पण मायनं ते मनावर घेतलं नाही. उलट तीच सुनेला सांगायला लागली, आज निळं काढ, आज काठाचं काढ. शेजारणी जमायला लागल्या. हुरडा सुरू झाला तेव्हा तिनं कोवळे दाणे दुधात भिजवून खाल्ले, ज्वारी काढणीला आली तेव्हा यंदा कणसं कशी भरली हे विचारून घेतलं. आणि उन्हं तापायला लागली तशी एका दुपारी झोपेतच गेली.

फोटो नव्हता. तेराव्याला पाटावर नुसता तांब्या ठेवला आणि त्याला हार घातला. दिव्याखाली अंधार, असं लोक बोलले, तेही त्याला ऐकू जाईल असं. मी त्याच्याजवळ बसलो होतो. पुढं एकदा, बऱ्याच दिवसांनी, दुकान झाडता झाडता थांबून म्हणाला, "काचवाले, तिच्या हनुवटीवरचं गोंदण आठवंना झालंय मला. एक तरी खरा काढाय पायजे हुता का?"

तिला जे मिळालं ते खरं, आणि त्याचं जे गेलं तेही खरं.

गेल्या वर्षी त्याचं पोट दुखायला लागलं. सोलापूरला नेलं, तिथून परत पाठवलं. परत पाठवलं म्हणजे काय ते आपल्याकडं सगळ्यांना कळतं. त्याचा मुलगा लातूरला नोकरीला आहे, बायकामुलांना घेऊन तो सुट्टी काढून आला. चांगला मुलगा आहे, घाबरलेला होता. एका सकाळी माझ्या दुकानात आला आणि मोबाईल पुढं केला.

"काका, अण्णांचा फोटो काढलाय. मोठा करून फ्रेम तयार ठेवाल का? म्हणजे ऐनवेळी धावपळ नको."

फोटो बघितला. उशीवर टेकलेला, दाढी वाढलेली, मळका बनियन. पण फोटो उत्तम आला होता. मी दोन बोटांनी तो मोठा केला, मान वाकडी केली, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "नाही रे आला. मोठा केला की फुटतोय हा. परत काढ. अण्णांना न्हाऊ घाल, दाढी कर, उन्हात बसव. उजेड पाहिजे."

तो दुसऱ्या दिवशी नवा फोटो घेऊन आला. दाढी केलेली, स्वच्छ सदरा, अंगणातलं ऊन. मी म्हणालो, हलला. तिसऱ्या दिवशी नातवाला मांडीवर घेतलेला. मी म्हणालो, पोराचा हात आडवा आलाय. मुलगा भला, त्यानं उलटा प्रश्न केला नाही. मधे संध्याकाळी मी फोटोवाल्याकडं जाऊन बसायचो. तो इस्त्रीचा सदरा घालून लोडाला टेकलेला असायचा. आम्ही पाऊसपाण्याच्या गप्पा मारायचो. फोटोचा विषय त्यानंही काढला नाही आणि मीही नाही. मला भीती वाटत होती की बोललो तर माझंच अवसान जाईल.

मग एक दिवस मुलगा आला तो गोंधळलेला दिसला. फोटोत त्याचा बाप सरळ कॅमेऱ्याकडं बघत होता, तोंड अर्धवट उघडं, हात थोडा उचललेला.

"काढता काढता अण्णा बोलायला लागले," मुलगा म्हणाला. "तुमच्यासाठी निरोप आहे म्हणाले. मला काही अर्थ लागला नाही."

"काय म्हणाला?"

"म्हणाले, काचवाल्याला सांग, आता आला म्हन."

मी फोटो मोठा केला. डोळे खोल गेले होते, पण माझी लबाडी ओळखल्याची खूण त्यात होती. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं ते बरं झालं. मी मोबाईल पुसला, मुलाच्या हातात परत दिला आणि म्हणालो, "हाही नाही आला. उद्या परत काढ."

दुसऱ्या दिवशी मुलगा आला आणि मोबाईल न काढताच उभा राहिला. मी आतून चांगली सागवानी पट्टी काढली, काच पुसली, आणि त्याच्याकडून कालचाच फोटो मागून घेऊन त्याची फ्रेम करायला घेतली.